देवीनं धरून आणलेले डॉक्टर

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो सुंठीच्या वासानं आणि आबांच्या शिंकेनं. मायचं जातं थांबलं की आबांचा खल सुरू व्हायचा. लोखंडी खलात सुंठ, मिरी, पिंपळी कुटताना ते नाकातोंडावर उपरणं बांधायचे, तरी तिसऱ्या घावाला शिंक यायचीच. ती साधीसुधी शिंक नव्हती, गोठ्यातले बैल माना वर करायचे. त्याच वेळेला धनगरवाड्यातली गिरजा शेळीचं दूध घेऊन आलेली असायची. ती आणि मी एका वयाच्या, तेरा-चौदाच्या. दूध मायच्या हवाली करून ती उंबऱ्यात बसायची आणि शिंका मोजायची. "आज तीन झाल्या चंद्रे, म्हंजी खोकल्याचं औषध हाये. दोन झाल्या की पोटदुखीचं." तिचा हिशेब सहसा चुकत नसे. मग मी तिला रात्रीच्या भाकरीचा कुस्करा गुळात कालवून द्यायची, आणि आम्ही दोघी तो एका वाटीत खायचो. मायला ते दिसायचं, पण माय काही बोलायची नाही. आत्याला दिसलं की मात्र वाटी, गूळ, धनगरवाडा आणि आमचं दोघींचं पुढचं आयुष्य या सगळ्यांचा उद्धार व्हायचा.

आमच्या घराण्यात नांगर सोडून खल धरणारे आबा पहिलेच. तरणेपणी जालन्याला एका दवाखान्यात चार वर्षं बाटल्या धुणं, पट्ट्या बांधणं, औषधं कालवणं असं सगळं करून ते गावी परतले, आणि गावानं काही न विचारता त्यांना डॉक्टर म्हणायला सुरुवात केली. येताना त्यांनी उर्दूत लिहिलेली एक सनद आणली होती. ती काचेत घालून ओसरीवर टांगली होती. आबांना उर्दू येत नव्हतं, गावात कुणालाच येत नव्हतं. एकदा परतूरचे एक मुन्शीजी पाय मुरगळला म्हणून आले. ओसरीवर बसले आणि मान वाकडी करकरून भिंतीकडे बघू लागले. आबांना वाटलं पायाबरोबर मानही आखडलीय. त्यांनी पाय सोडून मानेला तेल चोळायला घेतलं. मुन्शीजी ओरडले, "अरे डॉक्टरसाब, गर्दन बिलकुल ठीक है, आपकी सनद उलटी है!" सनद सरळ केल्यावर कळलं, की तिच्यात एवढंच लिहिलंय, हा इसम चार वर्षं कामाला होता आणि त्याची चालचलणूक चांगली होती. त्यानंतरही गावानं त्यांना डॉक्टर म्हणणं सोडलं नाही, कारण आबांच्या हाताला गुण होता. ताप, खोकला, बाळंतरोग, विंचू, सगळ्याला लोक त्यांच्याकडेच यायचे.

एवढा गुणी माणूस, पण भित्रा. हे मी त्यांची लेक म्हणून मायेनं लिहिते आहे, आणि ते हयात असते तरी कबूल झाले असते. पुढं ते चांगले म्हातारे झाले, दात पडले, नातवंडांकडून पाय दाबून घेत घेत आपल्या अंथरुणावर गेले. तोवर ते सापाला, तहसीलच्या चपराशाला आणि आत्याला भीत आले. ठकूआत्या ही त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी कपाळ पांढरं घेऊन माहेरी आलेली, आणि तेव्हापासून घराची तहसीलदार तीच. रोग्याच्या उशाशी बसून आबा नेहमी म्हणायचे, "काही होत न्हाई, काही होत न्हाई." ते रोग्याला सांगताहेत असं रोग्याला वाटायचं. घरातल्या आम्हाला ठाऊक होतं की ते स्वतःलाच सांगताहेत.

तो उन्हाळा पटकीचा होता. आधी आष्टीच्या बाजारातून बातमी आली, मग बातमीमागून रोग आला. सरकारी भाषेत त्याला हैजा म्हणायचे, आत्या मरीआई म्हणायची, आणि आबा नावच घ्यायचे नाहीत, नुसतं 'ते' म्हणायचे. वेशीजवळच्या आळीत दोन दिवसांत तीन माणसं गेली. परतूरचे सरकारी डॉक्टर एकदा येऊन गेले. त्यांच्या वाट्याला गावं ढीगभर आणि ते एकटे, त्यांनी तरी काय करावं! त्यांनी मोठ्या विहिरीत लाल औषध टाकलं, पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं आणि टांगा फिरवला. विहिरीचं पाणी लालभडक झालेलं बघून गावाची खात्री पटली, की सरकारनं त्यात कसलं तरी रक्त सोडलंय. सगळ्या बाया घागरी घेऊन ओढ्याच्या डबक्यावर जाऊ लागल्या. विहीर चांगली झाली आणि गाव घाण पाण्यावर गेलं. आबांना हे कळत होतं. ते ओसरीवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दबक्या आवाजात सांगायचे, "बाई, डबक्याचं नका नेऊ. नेलं तर उकळा." बाया मान डोलवायच्या आणि डबक्याकडे जायच्या.

घरात तेव्हा एकच वाद चालला होता, डॉक्टरनं थांबावं की निघावं. आत्याचं म्हणणं पक्कं होतं. "मेलेला डॉक्टर कोनाच्या कामाचा? जित्ता राह्यला तर पुढल्या साली औषध दील. आन् घरात बायका हायेत, लगीन ठरलेली पोरगी हाये. सेलूला माझ्या नणंदेकडं जाऊ, जल्दी निघा." आबा म्हणायचे, "वैद्यानं आधी सोताचं रक्षण करावं, असं ग्रंथात बी लिव्हलंय." माय भाकरी थापता थापता विचारायची, "कोणत्या ग्रंथात?" आबा म्हणायचे, "मोठ्या." मग खाली मान घालून पिठल्यात भाकरी कुस्करत राहायचे. माय यावर वाद घालत नसे. ती एकदाच म्हणाली, "तुमी गेल्यावर ह्यान्ला पाणी उकळा म्हून कोन सांगल? ऐकत न्हाईत ते खरं, पर सांगायला तर कुनी पाह्यजे." आबा ताटावरून उठले. जालन्याला असताना त्यांनी पटकीची खोली बघितली होती. तिथं जे बघितलं ते त्यांनी मायलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, पण 'ते' आलं म्हणताच त्यांचे हात गार पडायचे.

माझा नातू आता औरंगाबादला डॉक्टर आहे. त्याच्या पुस्तकात हे सगळं क्रमवार छापलेलं असतं, साथीच्या दिवसांत डॉक्टरनं रोग्याला टाकून जावं की जाऊ नये, स्वतःला किती जपावं, घरच्यांचं काय. त्यानं मला ते मोठ्यानं वाचून दाखवलं. छान लिहिलंय. पण त्यात आत्यांबद्दल काही नाही.

तर त्या सकाळी गिरजा दूध घेऊन आली नाही. तिच्याऐवजी तिचा बाप, बिरूतात्या, आला. काठी नाही, घोंगडं नाही, पागोट्याचं टोक सुटलेलं. त्याला लांबून येताना बघताच आत्यानं आबांच्या दंडाला धरलं आणि त्यांना आत ढकललं. आमच्या माजघरात ज्वारीच्या दोन कणग्या होत्या. आबा त्यांच्यामागं जाऊन बसले. बसले म्हणजे अगदी उकिडवे, गुडघ्यात डोकं घालून. बिरूतात्या अंगणातून म्हणाला, "डॉक्टर हायेत का? गिरजा रातच्यापून ओकून राह्यली. पोटात पाणी ठरंना. धाकटा बी तसाच पडलाय." आत्या दारात उभी राहून म्हणाली, "डॉक्टर परतूरला गेल्ते काल, अजून आले न्हाईत." बिरूतात्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या. तो म्हणाला, "आल्यावर धाडा, बाई. दुसरं कुनी न्हाई आमाला." आणि तेवढ्यात, कणगीवरची धूळ नाकात गेली असेल, आबांना शिंक आली. त्यांनी ती दाबली, पण त्यांची शिंक दाबून किती दबणार! बिरूतात्या थांबला. आत्या म्हणाली, "मांजर हाये." पागोट्याचं टोक खोचून बिरूतात्या निघून गेला. सगळ्या गावाला ती शिंक ठाऊक होती. मी माजघरात गेले तर आबा माझ्याकडे बघेनात. मला तेव्हा आबांची इतकी लाज वाटली की मी भिंतीकडं तोंड करून रडले. आणि गिरजा मरणार असं मला वाटलं.

त्याच दुपारी, गाव उन्हानं आडवं झालेलं असताना, आमची गाडी जुंपली गेली. आता या गाडीचं वर्णन नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. परतूरपर्यंत गाडी आणि तिथून सेलूला आगीनगाडी असा बेत होता. वाटेत रोग लागू नये म्हणून आत्यानं गाडीच्या चारी बाजूंनी लिंबाचे डहाळे बांधले. समोर लिंबं-मिरच्या लटकवल्या. मायनं अंड्यावरची कोंबडी मागं सोडायला नकार दिला, म्हणून ती पाटीखाली झाकून पुढ्यात ठेवली. चोरांच्या भीतीनं गाठोडं नको, म्हणून आत्यानं घरातली चांगली लुगडी माझ्या अंगावरच चढवली. खाली लाल, त्यावर जांभळं आणि सगळ्यांवर सासरकडून साखरपुड्याला आलेलं हिरवंगार. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, गळ्यात असतील नसतील तेवढे मणी. सकाळीच मला न्हाऊ घातलं होतं, केस ओले म्हणून मोकळे सोडले. आणि कोणाची दृष्ट नको म्हणून आत्यानं माझ्या कपाळभर कुंकवाचा मळवट भरला. घामानं तो नाकापर्यंत ओघळला. मला बाहेर वारं लागावं म्हणून गाडीच्या तोंडाशी बसवलं. माय आणि आत्या आत. आबांना सगळ्यात मागं आडवं करून त्यांच्यावर गोधडी टाकली, म्हणजे शिवारात कुणी ओळखायला नको. आमचा गडी सोनबा गाडी हाकत होता. आत्यानं त्याच्या हातात एक परात दिली होती. वाटेतली हडळ पळावी म्हणून तो मधूनमधून ती बडवायचा.

आमच्याकडची रीत अशी, की गावात मरी आली की मरीआईचा गाडा करायचा. देवीला हिरवं लुगडं, हिरवा चुडा, पुढं कोंबडी, लिंबं, लिंबाचा पाला, आणि वाजवत वाजवत तो गाडा दुसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. देवी तिकडं गेली की रोगही तिकडं जातो. दुसरं गाव अर्थातच मुकाट्यानं घेत नाही, पुढं ढकलतं नाही तर माघारी लोटतं. त्यामुळे साथीच्या दिवसांत प्रत्येक गाव आपापल्या शिवेवर काठ्या घेऊन पहारा करायचं. ही रीत आत्याला चांगली ठाऊक होती, आम्हा सगळ्यांनाच होती. पण आपल्याच गाडीकडं समोरून बघितलं कोणी!

दिवस कलायला लागला तेव्हा आम्ही बोरखडीच्या शिवेला लागलो. बाभळीखाली दहा-बारा माणसं बसली होती. सोनबानं नेमकी तेव्हाच परात बडवली. माणसं उठली. कुणीतरी किंचाळलं, "आली! मरीआई आली! आन् ह्या खेपंला खरीच आली, मान हलवून राह्यली!" गाडी खड्ड्यातून चालली होती, मान हलणारच. अर्धी माणसं शेतातून पळाली. उरलेली पळायचं विसरली म्हणून उरली. पुढं बोरखडीचे पाटील होते, भारदस्त, मिशाळ माणूस, अंगापिंडानं आमच्या बैलाएवढे. त्यांनी जोडे काढले आणि फुफाट्यात लोटांगण घातलं. "आई, मागं फिर! आमचं गाव गरीब हाये. तुला खायला हितं काही न्हाई. आष्टीला जा, तिथं बाजार भरतो." सोनबानं खुलासा करायला तोंड उघडलं, मागं वळून माझ्याकडं पाहिलं, आणि त्यालाही काय वाटलं कोण जाणे, परात खाली ठेवून त्यानं हात जोडले. लहानपणी मला खांद्यावर घेऊन हिंडवलेला माणूस हा!

मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. पण त्या फुफाट्यात पडलेल्या पाटलांकडं बघताना मला दिसत होती ती गिरजा. मी अंगात आलेल्या बाया जत्रेत पाहिल्या होत्या. मी दात आवळले, केस तोंडावर आणले आणि घशातून आवाज काढला. "कोन रे तू?"

पाटील जमिनीतूनच म्हणाले, "मी पाटील, आई. तुझं लेकरू."

"उठ. माझ्या गाड्यात मागं गोधडी हाये. काढ."

गाडीतून मायचा हात आला आणि तिनं माझ्या कमरेला चिमटा घेतला. मग तो हात तसाच थांबला, आणि हळूच मागं गेला. माझी माय फार शहाणी बाई होती.

दोघा गड्यांनी थरथरत गोधडी ओढली. खाली आबा, घामाघूम, गुडघे पोटाशी. "अगगग! हे तर डॉक्टर!" पाटील मागं सरकले. "देवीनं डॉक्टरालाच धरून आनलं!"

"पळाला हा," मी गरजले. "माझ्या आधी पळाला. ह्याला जिथून आनला तिथं नेऊन घाला. धनगरवाड्यात लेकरं पडलीत, त्यान्ला ह्यानं हात लावला न्हाई तर मी बोरखडीतच ठाण मांडीन!"

सगळ्यांची तोंडं आबांकडं वळली. पाटलांनी जरा अवघडून विचारलं, "डॉक्टर, तुमी खरंच पळून चालल्ते?" आबांनी माझ्याकडं पाहिलं. एका वाक्यात ते माझं सोंग मोडू शकले असते, ही माझी लेक चंद्रभागा, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की पुढचं उत्तरही द्यावं लागलं असतं. मला त्यांचा चेहरा अजून दिसतो. खूप वेळ ओझं वाहणाऱ्याच्या डोक्यावरची पाटी कुणी खाली उतरवावी, तसा तो मोकळा झाला. ते गाडीतून उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "न्हाई पाटील. म्या देवीला शिवेपत्तुर घालवायला आल्तो. आता माघारी निघालो."

"शाबास!" पाटील म्हणाले. "मंग आमी पोचवतो. बराबर वाजवीत."

आणि बोरखडीतून आणलेल्या हलगीच्या गजरात आमची वरात परत गावाकडं निघाली. बोरखडीची माणसं बैलांना पुढं ओढत होती, देवी एकदाची शिवेबाहेर गेली म्हणून आनंदानं नाचत होती. आत्या गाडीत तोंडाला पदर लावून बसली होती. अर्ध्या वाटेवर ती माझ्या कानाशी आली आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "तू चंद्रीच हायेस ना गं? का...?" मी उत्तर दिलं नाही. त्या न दिलेल्या उत्तरावर मी पुढं पंधरा दिवस रोज शेवयांची खीर खाल्ली. वाईट आहे, पण खीर चांगली व्हायची.

गावात शिरल्यावर आबांनी कुणाकडं पाहिलं नाही. औषधाची पेटी उचलली आणि सरळ धनगरवाड्याची वाट धरली. गिरजाचे डोळे खोल गेले होते, आवाज बसला होता, हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच राहत होती. तिचा धाकटा भाऊ आम्ही रस्त्यात असतानाच गेला होता. बिरूतात्यानं आबांना एक शब्द बोलून दाखवला नाही, नुसतं बसायला घोंगडं टाकलं. आबा मला पुढं म्हणाले होते, की त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उकळून निवलेलं पाणी, मीठ घातलेली तांदळाची पेज, चमचा चमचा, ओकली की पुन्हा चमचा, असं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले. दुपारी गिरजानं डोळे उघडले आणि खरखरत विचारलं, "डॉक्टर, आज कुटलं न्हाई का?" घरी येऊन हे सांगताना आबा हसले, आणि मग उपरण्यात तोंड घालून लहान मुलासारखे रडले. मीही रडले. मायनं आम्हा दोघांनाही उठवलं, कारण ओसरीवर माणसं जमली होती.

ती माणसं आबांकडं आलेली नव्हती. ती माझ्याकडं आली होती, नारळ, लिंबं आणि बांगड्या घेऊन. बोरखडीकरांनी देवीची बातमी पसरवायचं काम चोख केलं होतं. आबांचा चेहरा उतरला. ते आत येऊन मायला म्हणाले, "हे थांबवलं पाह्यजे. खोटं हाये हे." माय म्हणाली, "डॉक्टर बोलतो ते ऐकत न्हाईत, पोरगी बोलते ते ऐकतेत. मंग पोरीला सांगा काय बोलायचं ते." आबा म्हणाले, "आगं पर खोटं..." माय म्हणाली, "कणगीमागं बसलं ते लई खरं होतं का?" मग आबा माझ्याजवळ येऊन बसले आणि खाली बघत म्हणाले, "चंद्रे, देवीला म्हनावं, पाणी उकळून पीत जा म्हून सांग."

मग रोज सकाळी मी हिरवं लुगडं नेसून पाटावर बसू लागले. देवीला एकच वाक्य येत होतं. "आई, लाल पाणी प्यावं का?" "लालच प्यायचं. उकळून." "आई, घरी लेकराला हागवन लागली." "मीठ घालून पेज. पाणी उकळून." एकाची म्हैस हरवली होती. "पाणी उकळून पी." दोघं भाऊ बांधाच्या भांडणावरून आले. "दोघं बी पाणी उकळून प्या." भाऊ बाहेर जाऊन विचारात पडले, की यात देवीनं निकाल कुणाच्या बाजूनं दिला. म्हैस चौथ्या दिवशी आपली आपण घरी आली, आणि माझी कीर्ती वाटूरपर्यंत गेली. पण घराघरात चुलीवर हंडे चढले. डबक्यावरची वाट मोडली. मी देवीपणा करायची तेवढ्या वेळात आबा मागच्या दारानं निघून घराघरात रोगी बघून यायचे. नातू म्हणतो, "आजी, रोग्यांना असं फसवणं बरोबर नाही." मी म्हटलं, बरोबर नाहीच. मग तू काय केलं असतंस? तो अजून विचार करतोय.

माणसं गेलीच. सगळी वाचली असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण हळूहळू गाव सावरलं. गिरजा काठी टेकत ओढ्यापर्यंत चालू लागली. आबा मात्र वाळून चिपाड झाले होते. भाकरीचा घास हातात धरून बसल्या बसल्या झोपायचे. एका सकाळी ते अंगणात भोवळ येऊन पडले, आणि मायनं तोंडावर पाणी मारल्यावर उठले. त्याच दिवशी दारात गाडी येऊन थांबली. बोरखडीची होती. रोग तिकडं पोचला होता, देवीला परत धाडूनसुद्धा. पाटील अंथरुणाला खिळले होते. गाडीवान म्हणाला, "डॉक्टर, चला. सात-आठ घरं पडलीत."

आबांनी पेटी उचलली. आत्या म्हणाली, "आता पुरे रे. आपलं गाव झालं ना?" आणि पहिल्यांदाच मला आत्याचं म्हणणं पटलं. माझी गिरजा वाचली होती. मला आता आबा हवे होते, बोरखडीशी मला काही घेणं नव्हतं. मी आत पळाले. हंड्यातलं पाणी डोक्यावर ओतून केस मोकळे सोडले, हिरवं लुगडं कसंबसं गुंडाळलं, मूठभर कुंकू कपाळाला फासलं आणि येऊन दार अडवून बसले. बोरखडीचा गाडीवान लगेच हात जोडून खाली बसला. मी घशातून आवाज काढला. तो नीट निघाला नाही, मधेच चिरकला.

"जायचं न्हाई. देवी सांगते. हा उंबरा वलांडायचा न्हाई."

आबा माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, हसतील किंवा रागावतील. त्यांनी पेटी खाली ठेवली आणि खरोखरीचे हात जोडले.

"आई," ते म्हणाले, "त्या दिशी तू बोलली म्हून म्या मागं फिरलो. तुझे उपकार हायेत. भेव आज बी तितकंच वाटून राह्यलंय. पर जायचं का न्हाई, हे आता म्या कुनाला इचारीत न्हाई. देवीला बी न्हाई."

त्यांनी पेटी उचलली, एक पाय माझ्या गुडघ्यावरून पलीकडं टाकला, मग दुसरा. गाडीत चढताना त्यांनी मागं वळून पाहिलं.

"चंद्रे, केस पूस आधी. पडसं झालं तर औषध द्यायला म्या हितं न्हाई."